रविवार कुणाच्या खात्यावर?

बँकेत चोवीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला आनंद झाला, की तो आधी त्याचं व्हाउचर शोधू लागतो. रक्कम जमा झाली खरी. पण कुणाकडून, कशापोटी आणि नावे कुठे टाकायची? हा माझा दोष मी सुरुवातीलाच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे वाचकांशी खोटं बोलायची वेळ येणार नाही. संध्याकाळी कॅश जुळवताना दहा रुपये कमी पडले तर मी पदरचे भरतो आणि घरी येऊन शांत झोपतो. पण दहा रुपये जास्त निघाले तर रात्रभर तळमळतो. कमी पडलेलं आपलं असतं, ते सोसता येतं. जास्त निघालेलं कुणाचं तरी असतं!

रविवारचंही माझं तसंच आहे. आम्ही कोल्हापूरकर रविवार साजरा करण्यात कुणाला हार जाणारे नव्हे. सकाळी मिसळ, मग मटणाच्या दुकानापुढची रांग, दुपारी तांबडा आणि पांढरा, दोन वाजता पालथी झोप. इथपर्यंत माझं आणि गावाचं जुळतं. पण चार वाजता जाग आली, की सगळं गाव रंकाळ्यावर भेळ खायला निघालेलं असतं आणि मी मात्र कॉटवर बसून विचार करत असतो, की आजच्या दिवसात आपण केलं काय? आमची आई कुणीही पाच मिनिटं स्वस्थ बसलेलं दिसलं, की ‘रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी’ एवढंच म्हणून पुढं जायची. आई गेली, पण ती म्हण आमच्या भिंतीत राहिली.

प्रवासाचंही तेच. बँकेच्या एलएफसीवर, म्हणजे बँकेनं तिकिटाचे पैसे द्यायचे त्या सवलतीवर, आम्ही एकदा कन्याकुमारीला गेलो. तिथं तीन समुद्र एकत्र येतात म्हणे. मी दोनच बघितले. तिसरा बघायच्या वेळी मी तिकिटं कुठं ठेवली ते शोधत होतो.

अशा माणसाच्या आयुष्यात गेल्या मे महिन्यात इटलीतलं फ्लोरेन्स हे शहर आलं. मी तिथं गेलो नाही. गेला तो माझा पुतण्या पप्या.

पप्याला त्याच्या कंपनीनं सहा महिन्यांसाठी मिलानला धाडलं आहे. संगणकाचं काहीतरी काम आहे. तो ते मला समजावून सांगतो आणि मी ‘अस्सं’ म्हणतो. एका शुक्रवारी त्याचा फोन आला.

“काका, उद्या-परवा सुट्टी हाय. फ्लोरेन्सला चाललोय.”

“वा! काय काय बघणार?”

“काय न्हाई. नुसतं फिरणार.”

या ‘नुसतं’ शब्दानं माझ्या पोटात खड्डा पडला. नुसतं! अरे, फ्लोरेन्स म्हणजे काय रंकाळा आहे? बी.कॉम. झालेल्या माणसाला फ्लोरेन्स म्हणजे पंढरी. ‘बँक’ हा शब्दच मुळी इटलीचा. सराफ बाजारात बाकडं टाकून बसायचे, त्या बाकड्याला ‘बांको’ म्हणत. आपल्या मराठीतला शाळेचा ‘बाक’ पोर्तुगीजांकडून आला, तोही त्याच घरातला. म्हणजे बाक आणि बँक ही भावंडं. फक्त एक शिकलं आणि एक लाकडाचं राहिलं. याच फ्लोरेन्सनं 1252 साली ‘फ्लोरिन’ हे सोन्याचं नाणं पाडलं. इथल्याच बार्दी आणि पेरुत्झी पेढ्यांनी चौदाव्या शतकात इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्ड राजाला बख्खळ कर्ज दिलं; राजानं ते फेडलं नाही आणि पेढ्या झोपल्या. कर्ज बुडवायला माणूस मोठाच लागतो, हे तेव्हापासून सिद्ध आहे. मग 1397 साली मेदिची घराण्याची बँक निघाली आणि शंभरेक वर्षांनी, 1494 साली, तीही बुडाली. त्याच 1494 साली लुका पाचोली नावाच्या त्याच मुलखातल्या संन्याशानं नावे-जमेची दुहेरी पद्धत सांगणारा ग्रंथ छापला! हिशेब कसा ठेवावा हे छापून येतं तेव्हा बँक बुडालेली असते. आमच्याकडे परिपत्रकं येतात तशीच.

हे सगळं मी पप्याला फोनवर सांगितलं. तो ‘अस्सं’ म्हणाला.

मग मी माझा हुकमाचा एक्का काढला. “ते सगळं राहू दे. पण आपल्या महाराजांची छत्री बघितल्याशिवाय परत यायचं नाही!”

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, 1866 साली गादीवर आले आणि 1870 साली विलायतेला गेले. समुद्र ओलांडणं हेच पातक मानायचे ते दिवस. महाराजांनी व्हिक्टोरिया राणीची भेट घेतली, पार्लमेंट पाहिलं आणि परतीच्या वाटेवर फ्लोरेन्स मुक्कामी 30 नोव्हेंबर 1870 रोजी त्यांना मरण आलं. वय अवघं वीस. फ्लोरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती. प्रेत जाळायची तिकडे रीत नव्हती. पण खास परवानगी मिळवून, अर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर, आपल्या धर्माप्रमाणे त्यांना अग्नी दिला. 1874 साली त्या जागी छत्री उभी राहिली. आत महाराजांचा अर्धपुतळा आहे, तो फुलर नावाच्या शिल्पकाराचा. छत्रीचा आराखडा मेजर मँटचा. म्हणजे ज्यानं पुढं आपला नवा राजवाडा उभारला तोच हा मँट.

“काका,” पप्या म्हणाला, “मी काय श्राद्धाला चाललोय काय?”

“हे बघ, कोल्हापूरचा माणूस तिथवर जाऊन छत्री न बघता परत आला तर लोक काय म्हणतील?”

“सोमवार ते शुक्रवार कंपनीचा. शनिवार-रविवार तुम्ही लिहून दिलेल्या यादीचा. मग माझा वार कंचा?”

मी गप्प झालो. तेवढ्यात त्यानं आणखी एक टोला हाणला. “आणि हे महाराज म्हणजे राजारामपुरीवाले न्हवं?”

“छे! राजारामपुरी तिसऱ्या राजारामांची, शाहू महाराजांच्या चिरंजीवांची. राजाराम कॉलेजला नाव आहे ते यांचं.”

“बरं. कोल्हापुरात ह्यांचं काय काय हाय? तुम्ही कधी जाऊन बघितलासा?”

समोरून भाजीवाला चालला होता. मी म्हटलं, “भाजीवाला आलाय, ठेवतो.” वास्तविक आमच्या घरात भाजी सौ. घेते.

आता इथं मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर ह्या वादात मी नुसताच खडूस म्हातारा दिसेन. (मी सत्तेचाळीस वर्षांचा आहे, खडूस असेन, म्हातारा नाही.) पप्याचे वडील, म्हणजे आमचे दादा, शिरोलीच्या एका फौंड्रीत होते. ओव्हरटाइम मिळायचा म्हणून सुट्टीच्या दिवशीही जायचे. पप्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना ते गेले. पुढच्या शिक्षणासाठी कर्ज काढलं, त्याला जामीन मी. पोरगं गुणी, नोकरी लागल्याबरोबर हप्ते सुरू केले आणि दोन वर्षांपूर्वी कर्ज निल केलं. खात्यावर आता शून्य आहे. पण मन ही अशी शाखा आहे की तिथं निल झालेलं खातंही बंद होत नाही. पप्या मजेत आहे असं कळलं, की मला पहिल्यांदा फौंड्रीच्या धुरातून सायकल मारत येणारे दादा दिसतात आणि वाटतं, हा कुणाच्या पैशानं हसतोय?

खरा प्रश्न छत्री बघण्याचा नव्हताच. ज्यांनी आपल्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्यांच्या पश्चात आपण उनाडलेलं चालतं का? आपल्या वाट्याचा रिकामा वेळ हा आपला, की त्यांचा? कॅशमध्ये जास्त निघालेले ते दहा रुपये कुणाचे?

शनिवारी मी घरात बसून फ्लोरेन्स बघितलं. महिन्याचा दुसरा शनिवार होता. 2015 सालापासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे, त्यामुळे मला काळजी करायला अख्खा दिवस मोकळा मिळाला. पप्या फोनवर फोटो पाठवत होता. पहिला फोटो त्याच्या बुटांचा. दुसरा मांजराचा. तिसऱ्यात एक पूल होता, त्याच्या दोन्ही अंगाला दुकानं. खाली लिहिलं होतं, ‘पुलावर गुजरी!’ पोराला कळलं नाही, पण बरोबर होतं. तो पोन्ते वेक्यो पूल. त्यावर पूर्वी खाटकांची दुकानं होती. 1593 साली तिथल्या ग्रँड ड्यूकनं वासाला कंटाळून खाटकांना हाकललं आणि सोनारांना बसवलं. मी ताबडतोब ही माहिती कळवली. उत्तरादाखल आइस्क्रीमचा फोटो आला.

“मोठ्या देवळाचा घुमट बघितलास का? 1436 साली पुरा झालाय तो!”

“भायरनं बघितला.”

“आणि चित्रांचं ते जगप्रसिद्ध दालन?”

“लई रांग हुती. समोर पायरीवर बसलो. बरं वाटलं.”

पायरीवर! मी सौ.ला म्हटलं, “ऐकलंस का? हजारो रुपये घालून पोरगं पायरीवर बसायला गेलंय.”

“अहो, तुमच्या पैशानं गेलाय का तो?” सौ. लसूण सोलत म्हणाली.

कधी कधी तत्त्वज्ञानातला पेच लसूण सोलता सोलता सुटतो आणि आपल्याला मात्र तो सुटलेला आवडत नाही.

रात्री झोप येईना. म्हणून राजाराम महाराजांची रोजनिशी वाचायला काढली. विलायतच्या त्या दौऱ्यात महाराज इंग्रजीत रोजनिशी लिहीत. त्यांच्या पश्चात कॅप्टन वेस्ट यांनी ती संपादित करून 1872 साली लंडनमध्ये छापली. आता ती फोनवरही वाचता येते. हे वेस्ट साहेब दौऱ्यात महाराजांबरोबर होते. वाचू लागलो आणि माझी छाती भरून आली. काय ते टापटिपीचं लिहिणं! आज यांची भेट, उद्या ती संस्था, परवा ते सभागृह. एकाही दिवसाचं व्हाउचर गहाळ नाही. असा माणूस आमच्या बँकेत हवा होता, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मग हळूहळू काहीतरी बोचायला लागलं. हे लिहिणाऱ्याचं वय वीस. पप्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. तोही एका अर्थी परदेशी कामावरच गेला होता. त्याचं काम म्हणजे ‘महाराज’ असणं. साहेबांना वाटे, राजा शिकला पाहिजे. गावाला वाटे, राजानं धर्म राखला पाहिजे. दिवस होते ते सगळे कुणा ना कुणाच्या नावावर चढलेले. मी पानं उलटत गेलो. मला त्यात एक दिवस हवा होता: ‘आज काही पाहिलं नाही. पायरीवर बसलो. बरं वाटलं.’ एवढंच लिहिलेला. माझ्या डोळ्यांना तो सापडला नाही. कदाचित असा दिवस उजाडलाही असेल. पण रोजनिशीत तो कोण लिहितो? आम्ही जास्तीचे दहा रुपये तरी कुठं अभिमानानं लिहितो!

त्या रात्री पहिल्यांदा मला महाराज ‘छत्रपती’ वाटण्याऐवजी पोर वाटले.

रविवारी दुपारी चारला, म्हणजे नेमक्या माझ्या अपराधाच्या मुहूर्तावर, फोन वाजला. फ्लोरेन्सला साडेबारा वाजले होते.

“काका, कुठं असंन सांगा?”

“कुठल्यातरी पायरीवर.”

“बाकावर हाय. म्होरं छत्री हाय.”

मी कॉटवरून पाय खाली सोडले. झालं होतं ते असं. सकाळी पोरगं नदीकाठानं चालत सुटलं. तिथं कशीने नावाची मोठी बाग आहे, नदीच्या कडेकडेनं तीन-साडेतीन किलोमीटर पसरलेली. पोरं सायकली खेळत होती, बाप्ये गवतावर झोपले होते. हाही एका झाडाखाली झोपला. उठून पुन्हा चालू लागला, कारण परत फिरायचं काही कारण नव्हतं. झाडं संपली, दोन पाणी एकत्र आली आणि तिथं आपल्या घाटावरच्यासारखी छत्री उभी! माझ्या यादीमुळं नव्हे; यादी त्यानं उघडलीसुद्धा नव्हती.

“प्रयाग चिखलीला आल्यागत वाटलं वो,” तो म्हणाला. “बाजूला एक आज्जी बसल्यात. त्यांना म्हटलं इंडिया, तर त्या छत्रीकडं बोट दाखवून म्हटल्या, ‘इंडियानो, इंडियानो’. तिथला पूल हाय, त्येलाबी इंडियानोच म्हणत्यात.”

तो पूल 1978 सालचा. हे मला ठाऊक होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी ठाऊक असलेला आकडा गिळला.

“आणि महाराज?” मी विचारलं.

तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “लई लहान दिसत्यात वो, काका. कॉलेजातल्या पोरागत.”

“फोटो काढलास का?”

“काढतो की. गडबड काय? तासभर झाला बसलोय. म्हटलं, एवढ्या लांब एकटेच हायेत, जरा सोबतीला बसावं.” आणि मग, उगीच, काही संबंध नसताना म्हणाला, “पप्पा असते तर त्यांनाबी इथं झोप लागली असती.”

मी ‘हूं’ म्हटलं. ह्यापेक्षा मोठा शब्द त्या वेळी घशातून निघण्याजोगा नव्हता.

फोन ठेवल्यावर बराच वेळ मी तसाच बसलो. माझी यादी त्याच्या हातात असती तर पोरगं छत्रीपुढे उभं राहिलं असतं, चार बाजूंचा चार भाषांतला मजकूर बघितला असता, फोटो काढून मला पाठवून पाच मिनिटांत पुढच्या कामाला लागलं असतं. कर्तव्याची पावती फाटली असती. पण ‘लहान दिसत्यात’ हे त्याला दिसलं नसतं. ते दिसायला तासभर काहीही न करता बसावं लागतं.

आणि मग दादांची आठवण आली. गंमत अशी, की दादांनी आयुष्यभर केलेल्या ओव्हरटाइमचा एकही दिवस माझ्या डोळ्यांसमोर नाही. आठवतो तो एकच रविवार. फौंड्री का कोण जाणे बंद होती. मी शाळेत होतो. दादा मला सायकलवर डबलसीट घेऊन रंकाळ्यावर आले, कठड्याजवळ आडवे झाले, तोंडावर रुमाल टाकला आणि झोपले. मी शेजारी बसून पाण्यात खडे टाकत होतो. तासाभरानं उठले, म्हणाले, “किती टाकलास?” मी म्हटलं, “एकशे बारा.” ते हसले. बस, एवढंच. त्या माणसानं माझ्यासाठी काय काय केलं त्याची यादी मोठी आहे आणि ती मी विसरलेलो नाही; पण तो माणूस म्हणून माझ्यापाशी आज जो शिल्लक आहे, तो त्या एका बिनहिशेबी तासात आहे. एकशे बारा हा आकडा तेवढा मी जपला. शेवटी कॉमर्सकडे जाणारं पोर!

पाचोलीबुवांनी सांगून ठेवलंय, की प्रत्येक जमेला कुठंतरी नावे असतेच. मी आजवर समजत होतो, की पप्याच्या सुखाची नावे दादांच्या खात्यावर पडते. तसं नसावं. माणूस खस्ता खातो ते पुढच्यानंही खस्ता खाव्यात म्हणून नव्हे. कुणीतरी पुढं कधी पायरीवर बसावं म्हणूनच कुणीतरी मागं सायकल मारलेली असते. पण ही नोंद खरी की मला सोयीची, याची खात्री मला अजून नाही. कारण घरात बसून पायरीचं तत्त्वज्ञान सांगणाऱ्यालाच कधी कधी सायकल मारायचा कंटाळा आलेला असतो.

पुढच्या रविवारी, दुपारी चारला, मी घराबाहेर पडलो. नव्या राजवाड्यावरून गेलो. चाळीस वर्षं त्या मनोऱ्याकडे बघितलं ते घड्याळात किती वाजले ते बघायला. त्या दिवशी नुसता मनोरा बघितला. ज्या मँटनं हे दगड रचले त्यानंच तिकडे संगमावरच्या त्या पोराला सावली केली, हे मनात येऊन उगीच बरं वाटलं. तिकडे त्याला नुसता ‘इंडियानो’ म्हणून ओळखतात. इकडे आम्ही नुसता ‘राजाराम’ म्हणतो आणि कुठला ते विचारलं की भाजीवाला येतो. मग पंचगंगेच्या घाटावर आलो आणि एका पायरीवर बसलो. पाणी संथ होतं. म्हशी डुंबत होत्या.

दहा मिनिटं झाली नसतील, तोच आमच्या शाखेचा एक खातेदार धोतराचा सोगा सावरत पुढ्यात आला.

“काय साहेब, इकडं कुठं?”

‘नुसता बसलोय’ असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण चोवीस वर्षांची कारकुनी आडवी आली. “काही नाही, एकाची वाट बघतोय,” मी म्हणालो.

“येईल, येईल,” असं म्हणून तो गेला.

आमच्याकडे बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. जी रक्कम कुणाची ते कळत नाही, ती नीट उलगडा होईपर्यंत त्यात ठेवायची. तो रविवार मी तूर्त तिथं टाकला आहे. ऑडिटर विचारतील तेव्हा बघू. येत्या रविवारी खडे मोजायला पुन्हा जायचा विचार आहे.